माझा गोल्डफिश जावेच्या टाकीत

मासे पाळणाऱ्या मंडळींनो, आज जीव थाऱ्यावर न्हाई, म्हणून लिहून राहिले.

सकाळी टाकीचा लाइट लावला तर माझा गोल्डफिश तळाशी कोपऱ्यात बसलेला. त्याच टाकीतल्या टायगर बार्ब माशांनी त्याच्या शेपटीच्या पार चिंध्या केल्या होत्या. इवलासा होता तेव्हापासून मी त्याला सांभाळलंय हो!

वेगळं ठेवायला दुसरी टाकी माझ्याकडं नाही. ती आहे वरच्या मजल्यावर, माझ्या धाकट्या जावेकडं, पुष्पाकडं. आमच्या लातूरच्या घरी पाहुणे आले की आधी तिचे मासे बघायला वर जातात. माझी लेकसुद्धा अभ्यासाला तिथंच बसते. त्यामुळं तिच्या दारात जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी मासा डब्यात घेऊन गेले.

"अगं बाई! ताई, लई फाटलीय वो शेपटी," म्हणत तिनं हातातलं काम टाकलं आणि रिकाम्या टाकीत पाणी भरायला घेतलं.

दुपारी बघायला गेले, तर तो तिच्या बोटांतून दाणे खात होता. माझ्या हातून त्यानं कधीच खाल्लं नव्हतं.

"बरा झाला की न्या ताई," पुष्पा म्हणाली. "पण त्या बार्बमध्ये परत सोडू नका."

मासा वाचला याचा आनंद आहे, खरंच. पण तिच्या हातून खाल्लं, हे काही केल्या पचत न्हाई.

बार्ब दुकानात परत देऊन त्याला खाली आणू, की रमलाय तिथंच राहू देऊ? माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं, खरं सांगा.