सानिकाची रील आणि आमची शाळा

पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला की पोरं भोवती बसतात आणि भाजी संपायच्या आत दोन किस्से जमा! पौडच्या पुढे, धरणाच्या बाजूला आमची छोटीशी शाळा. हल्ली इथले निम्मे किस्से मोबाईलपासून सुरू होतात.

*

पहिलीतली ओवी. हजेरी घेताना मी तिचं नाव पुकारलं. पोरगी उठली, दोन्ही हात हलवले आणि म्हणाली, "हाय गाईज! वेलकम टू माय चॅनल!"

मी म्हटलं, "ओवी, नुसतं हजर म्हणायचं."

"हजर बाई," ती बसता बसता म्हणाली, "लाइक करा!"

*

मग पालकसभा. आमचे मुख्याध्यापक शिंदे सर सांगत होते, सतत फोन बघून पोरं चिडचिडी होतात, झोपत नाहीत. मागून एक पालक उठले.

"सर, आमचं अथर्व लई हट्टी झालंय. फोन काडून घेतला की जेवतच न्हाई. तुमीच सांगा त्याला."

हे बोलताना त्यांचा अंगठा स्क्रीनवर चालूच! शेजारी बसलेला दुसरीतला अथर्व सरांना म्हणाला, "आधी पप्पांचा घ्या ना. मंग मी बी देतो!"

सगळी सभा हसली. फोन खिशात गेला आणि सभा संपेपर्यंत बाहेर आला नाही.

*

पण सगळेच किस्से हसण्याचे नव्हते. चौथीतली सानिका फार सुंदर नाचायची. दिवाळीच्या सुट्टीत सूस गावी राहणाऱ्या तिच्या आत्यानं तिच्या नाचाची रील टाकली. खूप लोकांनी बघितली. घरचे खूश!

सुट्टी संपली आणि सानिका मागच्या कोपऱ्यात बसायला लागली. डबा तसाच परत न्यायची. पोट दुखतं म्हणाली म्हणून आईनं तिला पौडला डॉक्टरांकडे नेलं. पोटाला काहीच झालं नव्हतं.

एकदा सगळी पोरं बाहेर खेळत असताना मी तिच्याजवळ जाऊन बसले. मान खाली घालूनच तिनं विचारलं, "बाई, काळ्या पोरींनी नाचायचं नसतं का?"

आईच्या फोनवर तिनं सगळ्या कमेंट वाचल्या होत्या. एकटीनं, अक्षर अक्षर जुळवत. वाचायला मीच शिकवलं होतं तिला.

*

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. आत्याला फोन लावला. ती रडायलाच लागली. "बाई, मी कौतुकानं टाकलं हो!" बोलता बोलताच तिनं रील डिलीट केली.

तेवढ्यात सानिकाची आजी शेळ्या घेऊन आली. सगळं ऐकून घेतलं आणि काठी तशीच हातात धरून म्हणाली, "कोन बोललं माज्या नातीला? घर कुटं हाय त्याचं?"

"आजी, तो कोण ते कळत नाही. तिथं नाव पण खोटं असतं."

"म्हंजी नाव न्हाई, गाव न्हाई, त्वांड बी दावत न्हाई! आन् त्याचं ऐकून आमी पोरगी उपाशी ठेवायची व्हय?"

सानिका फिसकन हसली. आईनं पटकन ताट वाढलं आणि पोरगी भाकरी खायला लागली. मला तिथंच हायसं वाटलं.

लगेच सगळं ठीक झालं असं नाही. मधूनच गप्प व्हायची. मग आम्ही दोघी बोलत बसायचो. पण आता ती सांगायची, हे महत्त्वाचं.

*

आणि मग आमचं गॅदरिंग. सानिकानं स्वतःहून नाव दिलं. अट एकच, "कुनी शूटिंग करायचं न्हाई!"

शिंदे सरांनी माईकवरून सांगितलं, "सगळ्यांनी फोन खिशात ठेवा." मला वाटलं, लोक कुरकुरणार. पण एकही फोन वर आला नाही. सानिका नाचली आणि सगळं पटांगण नुसतं बघत राहिलं. टाळ्या थांबेनात!

कार्यक्रम संपला. स्पीकर टेम्पोत चढले, लोक उठायला लागले आणि तिचे पप्पा धावत आले. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते.

"झालं व्हय? कुनी काडलं का शूटिंग? जरासं तरी?"

कुणीच काढलं नव्हतं. ते मटकन पायरीवर बसले.

सानिका आली. अर्धा मेकअप पुसलेला, अंगावर शाळेचा ड्रेस.

"पप्पा, तितंच बसा. परत करून दावते."

"आन् गानं? स्पीकर तर गेला."

"त्यात काय? मी म्हनते की!"

निघालेली माणसं परत खाली बसली.