परसोत्तमचा खालचा गंधार

भूतखेत, हडळ, चकवा... यातलं मी काही मानत नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे या मासिकाच्या मागच्या अंकात विहिरीतल्या बाईची हकीकत होती तसलं काही मिळेल म्हणून वाचायला बसाल तर तुमचा वेळ जायला नको. मी सुतार माणूस, चौथी नापास. चाक कुरकुरलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, हेच जन्मभर केलं. एकदाच सापडलं नाही. ते लिहितो.

इतकी वर्षं लिहिलं नाही, कारण घरवाली नको म्हणायची. जमना तिचं नाव. लोक हसतील, आणि हसले तर ते परसोत्तमला हसल्यासारखं होईल, असं तिचं म्हणणं. ती गेल्या पौषात गेली. आता नको म्हणणारं कोणी नाही. घरात दिवसभर कोणी काही म्हणतच नाही.

जागा सांगतो. शहादा, पश्चिम खानदेश. लोणखेड्याकडे रस्ता निघतो तिथे माझं दुकान. दुकान कसलं, पुढे पत्र्याचा मांडव आणि मागे घर. काम बैलगाडीच्या चाकांचं. पण तरुणपणी दोन वर्षं सुरतेला पेटीच्या कारखान्यात होतो, म्हणून तालुक्यात कुणाची बाजाची पेटी बिघडली की माझ्याकडेच यायची.

परसोत्तम ब्राह्मणपुरीचा, गुजर पाटलाचा धाकटा पोरगा. हाडं मोठी, बोटं जाड, नांगर धरायला केलेली. नंदुरबारला एक नाटक कंपनी मुक्कामाला होती, तिथे जाऊन पेटी शिकला. बापाला ते पसंत नव्हतं. त्या बोटांनी तो काय वाजवायचा ते मला सांगता येत नाही, आणि ज्यांना सांगता येतं ते तेव्हा तिथे नव्हते.

पेटी म्हणजे गाणाऱ्याच्या मागे बसणारी वस्तू. हा मधोमध एकटा बसायचा. नंदुरबारला कापसाच्या एका जिनाच्या आवारात मी ऐकलं, चारचं ऊन उतरत होतं. आधी लोक विचारत होते, गवई कुठे आहे? मग कोणी काही विचारलं नाही. माझ्या शेजारी एक व्यापारी होता, तोंडात पान. पिंक टाकायला उठावं लागेल म्हणून तो तसाच बसून राहिला आणि शेवटी गिळून मोकळा झाला. यापेक्षा मोठी शाबासकी मी आयुष्यात पाहिली नाही.

पहिल्यांदा दुकानात आला तो एका सुरासाठी. कोमल गंधार. पेटीत पितळेची पाती असते, प्रत्येक पट्टीला एक. टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. एकदा खरवडलेलं परत येत नाही. पितळ आहे ते, केस नाहीत. त्याला तो गंधार नेहमीपेक्षा खाली हवा होता. किती, ते त्यालाही सांगता येईना. मी कानस लावायचो, तो पट्टी दाबायचा आणि म्हणायचा, आणखी थोडं. दुपार गेली त्यात. जमना दारात शेंगा फोडत बसली होती. एकदम म्हणाली, "आते ऱ्हाऊ द्या. हाईच शे."

परसोत्तमने दाबून पाहिलं आणि हसायलाच लागला. "काका, मावशीना कान तुम्हनापेक्षा पक्का शे."

तेव्हापासून दुकानात आला की आधी मावशी घरी आहे का ते विचारायचा. मांडवात बसून तिला वाजवून दाखवायचा, आणि ती मला ठोकाठोक थांबवायला सांगायची. तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे मावशी, काकाना ठेका बेताल शे, पन मोठा शे." आम्हाला मूल नव्हतं. एवढंच लिहितो.

मुंबईची एक कंपनी त्याची तबकडी काढणार होती. जायचा दिवस ठरला होता. त्याआधी मानमोडीची साथ आली. तीन दिवसांत गेला. तेवीस वर्षांचा होता. मी ब्राह्मणपुरीला पोचलो तेव्हा गावात सरणाला लाकूड कमी पडत होतं, आणि सुतार म्हणून लोक मलाच विचारत होते.

पुढे चैत्रात त्याचा बाप पेटी घेऊन दुकानात आला. काशीभाई पाटील. म्हणाला, ही मारुतीच्या देवळात भजनी मंडळाला द्यायची, हनुमान जयंतीला. पोराच्या नावाने वाजत राहील. भजनी बुवांनी वाजवून पाहिली, तर एक पट्टी मधेच नाक मुरडते. तेवढी नीट करून दे.

कोणती पट्टी ते मला ऐकायच्या आधीच कळलं. मी बोललो नाही. का नाही बोललो? त्या साथीनंतर सगळेच तसे झाले होते. सांगितलेलं करायचं, पुढचं काम उचलायचं. मी पाती काढली, टोकाकडून खरवडली, सूर वर आणला, दुसऱ्या पेटीशी जुळवून पाहिला, झाकण बसवलं.

जमना भाकरी थापत होती. तिने आतूनच विचारलं, कोणती पट्टी घासली? मी सांगितलं. तिने तवा खाली उतरवला, बाहेर आली, आणि हळूच म्हणाली, "त्यान्हं इतलंच उरेल व्हतं. ते बी तुमीन घशी टाकं."

मग तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, समोर बसायची नाही. तबकडी नव्हती, फोटो नव्हता. तिचं खरं होतं. त्या पोराचं जगात जे काही शिल्लक होतं ते मी कानशीने झाडून केरात टाकलं होतं. मला झोप नव्हती. पण करणार काय? मुळाशी परत खरवडून बघितलं असतं, पण त्याची ती जागा आता कोण सांगणार, आणि जिने सांगितली असती ती बोलत नव्हती.

चौथ्या दिवशी भर दुपारी काशीभाई गाडी घेऊन आला. मी पेटी पुढे ओढली, एकेक पट्टी वाजवून दाखवायला लागलो, आणि त्या पट्टीवर आलो... सूर खाली होता.

मी परत दाबली. खालीच. आत भांड्यांचा आवाज होत होता, तो बंद झाला. जमना पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

आता नीट वाचा. मी तिथल्या तिथे पेटी उघडली. पाती तीच. टोकाला माझी खरवड नवी कोरी, पिवळी चकचकीत. मुळाशी फक्त जुनी खरवड, काळी पडलेली. टोक घासलं की सूर चढतो, उतरत नाही. कधीच नाही. पातीवर कचरा बसला तर उतरतो, म्हणून फुंकर मारली, खालून केस ओढून पाहिला. स्वच्छ. पाती धरून ठेवणारी रिबीट ढिली असती तर पाती खरखरली असती. उन्हाने म्हणावं तर बाकीच्या सगळ्या पट्ट्या ठिकाणावर. पेटी माझ्या मांडवातून हलली नव्हती. पाती बसवली, दाबली. खाली.

काशीभाई वैतागला. "मिस्तरी, नीट नही व्हयना का? घसा परत. लोके वाट दखी ऱ्हायनात."

मी कानस हातात घेतली. खोटं कशाला सांगू, घेतली.

तेव्हा जमना बोलली. पाटलाशी ती त्याआधी कधी बोलली नव्हती. पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "पाटीलबाबा, हाऊ बिघाड नही. हाऊ तुम्हना पोऱ्याना सूर शे."

काशीभाई पेटीजवळ सरकला. मग म्हणाला, "मी त्याले कधी बठीसन आयकंच नही." आणि मांडवात खालीच बसला, धोतर धुळीत. मला म्हणाला, वाजव. मला वाजवता कुठे येतं? मी भाता मारला, जमनाने पट्टीवर बोट ठेवलं. एकच सूर. तेवढाच तो ऐकत बसला. रस्त्याने गाड्या जात होत्या, कोणी वळूनही पाहिलं नाही.

पेटी देवळात गेली नाही. त्याने घरी नेली. देवळाला दुसरी दिली.

लोक म्हणतील, बायकोने काही केलं असेल. मीही तिला विचारलं. तिला स्क्रू कुठून उघडतो ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी चढलेला सूर उतरवायचा तर पाती मुळाशी खरवडावी लागते. तिथे नवी रेघ नव्हती, मी भिंग लावून पाहिलं. दुखण्यात होती तेव्हा पुन्हा विचारलं. म्हणाली, मी काय करसू? मी फक्त आयकं. यापुढे मला काही ठाऊक नाही. कारण असेलच. मला सापडलं नाही, आणि आता शोधायचं त्राण नाही.

गेल्या महिन्यात ब्राह्मणपुरीला जाऊन आलो. काशीभाई केव्हाच गेला. परसोत्तमचा थोरला भाऊ आहे, त्याने पेटी काढून दिली. भाता जुना झालाय, पण वारा धरतो. मी ती पट्टी दाबली. वाजली. नेहमीपेक्षा खाली आहे, एवढं माझ्या कानाला कळलं. पण त्याच जागेवर आहे, की केसभर इकडे तिकडे झाली... तीन-चार वेळा दाबली. दर वेळी माझी मान मागे दाराकडे वळत होती.

भावाने विचारलं, "बाबा, कोनले दखी ऱ्हायनात?"

मी म्हटलं कोणाला नाही, आणि झाकण लावलं.