नळीची तोटी

दुष्काळात बाबा चिकलठाण्याच्या नव्या कॉलन्यांना टँकरनं पाणी पुरवायचे. त्यांचा दरारा असा, की ते दिसले की गळके नळसुद्धा थेंब गिळून घ्यायचे.

त्यांच्या लिव्हरमध्ये पू झाला. डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत बघत बरगड्यांखालून सुई घातली, नळी बसवली, खाली पिशवी लावली.

पिशवी भरताना बघून मी म्हणालो, "बाबा, तुमच्यात तर अख्खं धरण निघालं!"

"मंग टँकर लाव की, लेका."

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर बाबांनी नळीची तोटी फिरवून बंद केलेली. म्हणाले, "थेंब थेंब गळताना बघवत नाय रे." सवयच ती. मी पोट धरून हसलो आणि मीठमसाला लावून तो किस्सा वॉर्डभर सांगत सुटलो. शेजारच्या खाटेवरचे चाचा तर डोळे पुसेपर्यंत हसले. या सगळ्यात तोटी उघडायचं मात्र राहूनच गेलं.

संध्याकाळी बाबांना थंडी वाजून ताप भरला. नर्सनं धावत येऊन तोटी उघडली, पण विष रक्तात भिनलं होतं. तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

मी गादी गुंडाळत होतो. चाचा हळूच म्हणाले, "बेटा, मेरेकू लगा, तू खोल दिया होएंगा."