बकरीने खाल्लेलं पान

टेम्पोत सगळ्यात शेवटी चढलं ते कोंबड्यांचं डालगं, आणि मी. मागे बघू नये म्हणतात. मी बघितलं. घराला दारच नव्हतं, ते आधीच काढून टेम्पोत घातलं होतं.

आपल्या गावची माणसं आता कोण उलव्याला, कोण सुकापूरला. त्यांच्यासाठी लिहिते. चौथी शिकलेय, चुका काढत बसू नका.

चौथीचं पुस्तक मला चुलतभावाचं जुनं मिळालं. त्यात एक धडा होता. एका मुलीच्या खुराड्यात सकाळी एक कोंबडी जास्त निघते. ती काखेत धरून मुलगी दारोदार विचारते, "ही कोंबडी कोणाची?" पुढचं पान आमच्या बकरीने खाल्लं होतं. माझा धडा तिथेच संपला. विचारायचं, एवढंच कळलं. विचारून काय मिळतं, ते कळलंच नाही.

विमानतळासाठी गाव उठायचं ठरलं आणि मोजणीवाले आले. शेजारच्या हिराची खोली आमच्या भिंतीला लागून. हिरा माहेरी गेलेली. साहेबांनी तिची खोली आमच्या घरात धरली. नव्या ठिकाणी आमची जागा वाढणार, तिची घटणार. आमचे मालक गप्प. मी म्हटलं, "ती खोली आमची नाय, हिराची हाय."

साहेब गेल्यावर मालक म्हणाले, "तुला कोनी इचारलं व्हतं?"

मग दोन महिने माझ्याकडे पाठ करून जेवले. पुढे बोलायला लागले, पण तो विषय कधी काढला नाही. मला माफ केलं का, ते न सांगताच गेले. हिराला मी काही बोलले नाही. तिचं तिला मिळालं, त्यात सांगायचं काय? ती आता लांब, दुसऱ्या सेक्टरला राहते.

नातीने तो धडा मोबाईलवर शोधून काढला. शेवटी गावचा पाटील खूश होऊन मुलीला चांदीचे पैंजण देतो म्हणे.

"आजी, तुला काय मिळालं?"

मी म्हटलं, आमची बकरी शहाणी होती.

दुपारी विमान घरावरून जातं, भांडी थरथरतात, आणि माझा डोळा लागतो. गल्ली तीच असते, आपल्या गावची. दारं सगळी जागच्या जागी. ती मुलगी कोंबडी घेऊन अजून फिरते. परवा माझ्या दारात आली.

"माझी नाय," मी म्हटलं. "बाजूला इचार. हिरा घरातच हाय."