नलूताईंची वाकडी खोकी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. खरं तर आमच्या घरातली गोष्टीवेल्हाळ बाई मीच. कुणाच्या बारशाला कोण रुसलं, पंगतीत कुणाचं धोतर सुटलं, सगळं मीठमसाला लावून सांगणारी. ही एक गोष्ट मात्र — सांगते. जरा थांबा, सांगते.

पन्नाशी उलटल्यावर मला चित्रकलेचं खूळ लागलं. एकटीला जायची लाज, म्हणून थोरल्या जाऊबाईंना, नलूताईंना, सोबत ओढलं. आम्ही तळेगावच्या, क्लास लोणावळ्याला. दर शनिवारी लोकलनं जायचं. शिकवणारी मुलगी आमच्या लेकींच्या वयाची. वाटलं, फुलं काढायला लावील, डोंगर काढायला लावील. तिनं खोकी काढायला लावली. रिकामी खोकी! कागदावर आडवी क्षितिजरेषा, तिच्यावर एक ठिपका, आणि खोक्याच्या मागे जाणाऱ्या सगळ्या कडा त्या ठिपक्याकडे निघाल्या पाहिजेत. पट्टी न लावता. माझी खोकी पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी बसकण मारायची.

आणि नलूताईंची? आमच्या सासरी सरळ रेषा म्हणजेच नलूताई. त्यांच्या वड्या पट्टी धरून कापल्यासारख्या. माझ्या वड्यांना दीर 'देशोदेशीचे नकाशे' म्हणायचे. लग्न झाल्यापासून ऐकत आले — नलूसारखं जमायला हवं हो. मी हसायचे. हसरी ना मी! पण इतकी वर्षं हसून हसून काहीतरी आत साचतंच की — नाही का?

तर दिवाळीनंतर नलूताईंची खोकी बिघडायला लागली. कडा मध्यावर आल्या की वाकायच्या. "काकू, हात मोकळा सोडा," मुलगी म्हणायची. तोवर माझी खोकी सरळ उभी राहायला लागली होती. मला काय वाटलं? गुदगुल्या झाल्या. घरी जेवताना मी जाहीर केलं, "नलूताईंच्या खोक्यांना कंबरदुखी झालीय!" सगळे हसले. त्याही हसल्या.

इथवर चेष्टाच होती. एवढीच असती तर मी आज हे लिहीत बसले असते का?

एका शनिवारी गाडी कामशेतला थांबली होती. नलूताईंनी एका डोळ्यावर तळवा धरला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अगं, तो विजेचा खांब मधेच वाकलाय का गं?"

खांब सरळ होता.

माझ्या माहेरच्या मावशीला दाराची चौकट अशीच नागमोडी दिसायला लागली होती. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं. डॉक्टरांनी तेव्हा सगळ्यांना बजावलं होतं — रेषा वाकड्या दिसल्या की लगेच या, थांबू नका. म्हणजे मला कळलं. तिथंच, त्या बाकावर, लख्ख कळलं.

मी म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला असेल ताई. प्रदर्शन झालं की बघू."

क्लासचं छोटंसं प्रदर्शन होतं, आणि समोरच्या भिंतीवर माझी खोकी लागणार होती. ताईंचं डोळ्याचं दुखणं निघालं, तर माझं जिंकणं — ते कुठं उरलं? असा विचार माणूस करतं? मी केला. विसरले होते म्हणू? रोज आठवत होतं. संक्रांतीला त्यांच्या तिळाच्या वड्या तिरक्या कापल्या गेल्या. त्या ताटाकडे नुसत्या बघत राहिल्या. मी ताट उचललं आणि कुणी बघण्याआधी आत नेऊन ठेवलं.

प्रदर्शनाला सगळं घर आलं. नलूताई येईल त्याला सांगत होत्या, "बघा, हिनं मला हरवलं!"

मग गेलो पुण्याला. "थोडं आधी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. डोळ्यात इंजेक्शनं झाली. त्या डोळ्याची मधली नजर गेली ती गेलीच. आता दुसराही त्याच वाटेवर आहे. समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून त्या मान वळवून कडेनं बघतात. मी त्यांना दवाखान्यात नेते, औषध घालते, भाजी निवडून देते. त्यानं काय होतं? काही होत नाही.

परवा डोळ्यात थेंब घालताना त्यांनी सहज विचारलं, "तू तर शेजारीच बसायचीस. तुला तेव्हा काही जाणवलं होतं का गं?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. सांगता आलं असतं.

"नाही हो ताई," मी म्हणाले.

"तुला बिचारीला तरी कसं कळणार," म्हणत त्यांनी चाचपडून माझा हात शोधला, आणि थोपटत राहिल्या. मी तो थोपटू दिला.