टोपीवाला, हनुवटीवाला आणि सिस्टर

"थांबा! शेवट सांगू नका."

उजव्या हाताचा पंजा समोर धरून, जणू भरधाव ट्रॅक्टरच अडवायचा आहे अशा आवेशात सिस्टर म्हणायच्या. गंमत अशी की तो सिनेमा त्यांनी चार-पाचदा बघितलेला असे आणि आमच्या ह्यांनीही. मग शेवट लपवायचा कुणापासून? तर माझ्यापासून. "वैनींनी कुठं बघितलाय अजून?" असं म्हणत त्या माझ्याकडं बघून हसायच्या. मला त्या हसण्याचा राग यायचा. तुम्हाला वाटेल, किती कोत्या मनाची बाई आहे ही. होतेच. सांगायला बसलेय तर खरं तेच सांगते.

सिस्टर म्हणजे आमच्या ढोकीच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेली असताना बदली होऊन आल्या आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. सामान म्हणजे एक लोखंडी कपाट, कुकर आणि डब्यात लावलेलं कढीपत्त्याचं रोप. उंच, सावळ्या, चष्मा कायम कपाळावर. इंजेक्शन द्यायच्या तेव्हा लेकरं रडायची विसरत, कारण त्या भलतंच काहीतरी सांगत असायच्या.

हे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. तीसेक वर्षं उसाचा रस तपासला. स्वभाव असा की दिवसाकाठी दहा वाक्यं बोलले तर खूप. त्यातली सहा चष्म्याबद्दल. निवृत्त झाल्यावर आमच्या मुलीनं पुण्याहून चांगला मोबाइल आणून दिला आणि हे त्यावर जुने इंग्रजी सिनेमे बघायला लागले. काळेपांढरे, हॉलिवूडचे. सोलापूरला शिकायला होते तेव्हाचं हे वेड. माझ्या कानावर ते टकटक इंग्रजी पडायचं आणि मी म्हणायचे, बघू दे बापडे. कुणाला काय त्रास आहे?

विस्तव मीच घरात आणला. ह्यांचं डोकं दुखत होतं, म्हणून मी सिस्टरना बीपी बघायला खाली बोलावलं. ह्यांच्या हातात मोबाइल होता, आवाज बंद केलेला. सिस्टर दंडाला पट्टा गुंडाळत होत्या आणि त्यांची नजर मोबाइलवर गेली.

"अगंबाई, टोपीवाला!"

"कोण?" हे म्हणाले.

"हा हो! आमचे वडील ह्याला टोपीवाला म्हणायचे. आता बघा, ही बाई त्याच्या तोंडावर दार लावणार."

बाईनं दार लावलं. आणि हे हसले. दात दिसतील असे हसले. बीपी जास्त भरलं, तर सिस्टर म्हणाल्या, "हे हसण्याचं आहे, साहेब. पाच मिनिटांनी पुन्हा बघू." त्या पाच मिनिटांचा दीड तास झाला. मी तीनदा चहा केला.

सिस्टरचे वडील सोलापूरच्या एका टॉकीजवर दारावर तिकिटं फाडायचं काम करत. रविवारी सकाळी तिथं इंग्रजी सिनेमा लागे. आई नसलेली ही पोर वडिलांच्या मागं मागं जायची आणि बाल्कनीच्या पायरीवर बसून सिनेमा बघायची. नटांची नावं काही वडिलांच्या तोंडात बसत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवलेली. टोपीवाला, हनुवटीवाला, भुवईवाली, रडकी राणी.

"सकाळचा खेळ? मी दर रविवारी असायचो," हे म्हणाले. "माझं तिकीट तुमच्या वडिलांनीच फाडलं असेल."

"असेल काय, फाडलंच असणार! दाराला दुसरं होतं कोण?"

दोघांनाही त्याचं केवढं अप्रूप वाटलं. मी मात्र कप उचलता उचलता हिशेब करत होते. म्हणजे आमचं लग्न ठरायच्याही आधी, मी माझ्या गावी गोवऱ्या थापत होते तेव्हा, ही दोघं एका अंधारात बसून एकाच पडद्याकडं बघत होती. ती माझ्याही आधीची निघाली की! तेव्हा ती आठ वर्षांची होती, हे मला कळत होतं. पण हेव्याला वयाचा दाखला लागत नाही.

मग रोजचंच झालं. दवाखान्यातून आल्या की हातपाय धुऊन सिस्टर खाली ओट्यावर यायच्या. टोपीवाला मोठा की हनुवटीवाला, यावर वाद. "तुमचा हनुवटीवाला नुसता ओरडतो, साहेब. टोपीवाला गप्प बसून मारतो." "गप्प बसणं म्हणजे अभिनय का?" हे तावातावानं विचारायचे. स्वतः आयुष्यभर गप्प बसलेला माणूस!

शेजारच्या मावशी भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "व्हय गं, तुमच्या वट्यावर रोज शिनुमा चालतोय म्हनं. तुज्या मालकांचं लई हसू ऐकू येतंय. मागं कदी ऐकलं न्हाय बया."

मीही ऐकलं नव्हतं, हेच तर माझं दुखणं होतं. लोकांना संशय येईल ते मला सोसलं असतं. नवरा चोरटा असता तर भांडता आलं असतं. पण ओट्यावर, दिवसाउजेडी, माझ्या हातचा चहा पीत दोन माणसं मेलेल्या नटांबद्दल बोलताहेत, यात मी भांडू कशावर? भुवईवालीनं कुठल्या सिनेमात कसला झगा घातला होता हे ह्यांना पाठ होतं. माझ्या लग्नातल्या शालूचा रंग मी एकदा विचारला, तर म्हणाले, "हिरवा असेल." जांभळा होता.

एकदा न राहवून मी विचारलं, "एवढं काय आहे हो त्या भुवईवालीत?"

मोबाइलवरून नजर न काढता हे म्हणाले, "तुला नाही कळायचं."

मला ते लागलं. अजूनही आठवलं की लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपल्यावर मी मोबाइल घेऊन न्हाणीघरामागं बसले आणि त्यांनी अर्धवट ठेवलेला सिनेमा बघितला. एक विधवा, तिची जनावरं, माळरान, आणि तिच्या मागं लागलेले दोन पुरुष. बोलणं एक अक्षर कळलं नाही. संध्याकाळी त्याच सिनेमाचा विषय निघाला तेव्हा मी धीर करून म्हटलं, "त्यातला घोडा चांगला होता."

हे बघतच राहिले. सिस्टरनी मात्र चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "कुठला, वैनी? विधवेचा?"

"व्हय. नवरा गेल्यापासून तो दाराकडंच तोंड करून उभा राहतो."

"साहेब, ऐकलंत? मी चार वेळा बघितला, माझ्या लक्षात नाही आलं!" त्या अगदी मनापासून म्हणाल्या. आणि तुम्हाला सांगते, त्यांनी चेष्टा केली असती तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या चांगुलपणानं माझा अंगार आणखी भडकला. माझ्याच ओट्यावर ही बाई मला मोठेपणा देणार?

आठवड्याभरात मी जिन्यावर त्यांना गाठलं. "सिस्टर, खोली लागणार आहे. आमची मुलगी येतेय बाळंतपणाला."

सगळं खोटं. मुलगी पुण्यात नोकरीत गुंतलेली, मुलाचा विचारही नव्हता.

"अय्या, गोड बातमी की!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "कितवा?"

"पाचवा," मी म्हटलं. जीभ अडखळली नाही.

त्यांनी काय खावं, कुठल्या गोळ्या चुकवू नयेत, सगळं कागदावर लिहून दिलं. मी तो कागद घेतला. महिनाअखेर त्यांनी बदली मागून माकणीचा दवाखाना घेतला आणि सामान हलवलं. जाताना माझ्या हातात कागदी पिशवी दिली. आत लोकरीचं पिवळं टोपडं होतं.

ते मी कपाटात लपवलं, पण ह्यांना सापडलंच. हातात घेऊन विचारलं, "हे कुणाचं?"

 ह्यांनी माझ्याकडं बघितलं, टोपडं होतं तसं घडी करून ठेवलं आणि बाहेर जाऊन बसले. एवढंच. ओरडले असते तर मी दोन शब्द तरी बोलले असते. त्या दिवसापासून सिनेमा बंद. मोबाइल टेबलावर उपडा पडलेला असे. चष्म्याचीही सहा वाक्यं बंद झाली. आता स्वतःच उठून शोधायचे.

माझा नवरा मला परत मिळाला होता, पूर्वीसारखा, अख्खा. आणि घरात बसवत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर मी टोपडं पिशवीत घातलं आणि दोन गाड्या बदलून माकणीला गेले. ह्यांना सांगितलं, लग्नाला चालले. सिस्टर क्वार्टरच्या दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"मुलगी गरोदर नव्हती. मी खोटं बोलले."

"माहितेय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी कळलं. साहेब म्हणाले, पोरगी कंपनीतर्फे डोंगर चढायला गेलीय. पाचव्या महिन्यात कोण डोंगर चढतं, वैनी?"

"मग मला विचारलं का नाही?"

"काय विचारायचं? घर तुमचं होतं."

"आणि टोपडं?"

"पहिल्याच दिवशी विणायला घेतलं होतं. अर्धवट सोडवेना. लागेल की पुढंमागं."

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. पदरानं तोंड पुसून मी म्हटलं, "मला तुमचा हेवा वाटायचा. ते तुमच्याशी बोलायचे तसे माझ्याशी कधी..."

सिस्टर ज्वारीतले खडे बाजूला करत राहिल्या. मग खाली मान घालूनच म्हणाल्या, "तुम्ही आतून 'अहो' अशी हाक मारायचात ना, की साहेब वाक्य अर्धवट टाकून उठायचे. टोपीवाल्यावर बोलत असू दे, नाहीतर हनुवटीवाल्यावर. तसं माझ्या हाकेला कुणी उठलं नाही, वैनी. मला काय वाटत असेल?"

 माझा संशय अगदीच खोटा नव्हता, आणि अगदीच खराही नव्हता. बाईचा राग यायला हवा होता. पण मी पुढं सरकले आणि त्यांच्या सुपातली ज्वारी निवडायला लागले. निघताना म्हटलं, "रविवारी जेवायला या."

त्या आल्या. मग महिन्यातून एखादा रविवार येत राहिल्या. मोबाइल टीव्हीला जोडून आम्ही तिघं सिनेमा बघायचो. मधे मी, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला सिस्टर. त्या माझ्या कानात मराठीत सांगायच्या: "आता ही म्हणते, मी तुझ्या उपकारावर जगणार नाही." दोन वर्षांत मी भुवईवालीचे बारा-तेरा सिनेमे बघितले. तिच्यात काय आहे ते मला कळलं. ह्यांना मी ते सांगितलं नाही.

हेवा गेला म्हणाल, तर नाही. त्यांचं माझ्या पलीकडून एकमेकांशी बोलणं सुरू झालं की मी उगाच टीव्हीचा आवाज वाढवायचे. फक्त आता त्यावर खोटं बोलावंसं वाटत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात सिस्टर निवृत्त झाल्या आणि धाकट्या बहिणीकडं नागपूरला राहायला निघाल्या. आम्ही दोघं त्यांना गाडीत बसवायला धाराशिवच्या स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती, सुटायला दहा-पंधरा मिनिटं होती. ह्यांनी त्यांची बॅग वर ठेवली आणि खाली येऊन खिडकीपाशी उभे राहिले. सिस्टर आत खिडकीत.

तेव्हा मी म्हटलं, "मी केळी घेऊन येते." केळी नको होती. त्यांनी घरून दशम्या घेतल्या होत्या आणि मला ते माहीत होतं. पण ह्या दोघांना काही बोलायचं असेल तर बोलू दे, असं वाटलं. आयुष्यात एवढं मोठं मन मी कधी केलं नव्हतं.

केळ्यांच्या हातगाडीआड उभी राहून मी केळेवाल्याशी उगाच घासाघीस करत राहिले. एक घड निवडला, ठेवला, दुसरा बघितला. अधूनमधून तिकडं बघत होते. तुम्हीही बघितलं असतं.

ती दोघं बोलतच नव्हती. हे टाचा उंचावून गर्दीत इकडंतिकडं बघत होते. सिस्टर खिडकीच्या गजाला धरून, मान बाहेर काढून कुणाला तरी शोधत होत्या. ड्रायव्हर चढला तसा त्यांनी ह्यांच्या खांद्याला हात लावला आणि काहीतरी म्हटलं. हे वळले आणि मोठ्यानं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात, मला नावानं हाक मारली. चाळीस वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा.

मी केळी तशीच टाकून पळत सुटले.