दोन घड्याळांचे वडील

आमच्या वडिलांइतका वेळेचा धाक घेतलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. शहागंजकडच्या गल्ल्यांना नळाचं पाणी सोडणं हे त्यांचं काम. दुष्काळाची वर्षं होती, धरण तळाला गेलेलं, आणि शहर मात्र रोज एक नवी कॉलनी वाढवत चाललेलं. एका गल्लीला आठवड्यातून पाऊण तास पाणी मिळे. म्हणून वडील एक घड्याळ मनगटावर आणि एक खिशात बाळगत. दोन्हींत फरक पडला, तर पुढच्या गल्लीच्या फायद्याचं असेल ते घड्याळ खरं. खांद्यावर व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी टाकून ते निघाले की लोक चहा घेऊन आडवे येत. ते घेत नसत. कपभर पाणी जातं त्यात, म्हणत. नळ आल्यावर उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून देणाऱ्या शेजारणीशी ते महिनाभर बोलले नव्हते. एकदा कापडवाल्या चाचांनी विनवलं, "पाँच मिनट और छोड़ दो ना, भाई." वडील म्हणाले, "पुढं बी माणसंच राहतात, चाचा."

मी पाचवीत असताना थोरल्या बहिणीचा साखरपुडा ठरला. वैजापूरहून घरभर पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी आमच्या गल्लीची पाळी होती. आईनं मला वडिलांकडं पिटाळलं, "त्यांना म्हणावं, आज दहा मिनटं जास्ती सोडा. घरचं कार्य हाय."

वडिलांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. माझा हात धरून मला पुढच्या गल्लीत नेलं. तिथं बाया हंडे मांडून कोरड्या नळाकडं बघत बसल्या होत्या.

"सांग त्यांना, आमच्याकडं पाव्हणे हायत, तुमचं दहा मिनटं कमी. तू सांग, म्या वाढवतो."

मी त्यांचाच हात ओढत मागं फिरले. परत येताना मीच म्हणाले, "बंद करा, अप्पा."

"तूच कर."

मी सगळं अंग टाकून चावी फिरवली. त्यांनी नुसता हात लावला.

घरी पिंप अर्धंच भरलेलं. आईनं विचारलं, "पोरीनं निरोप नाय दिला का?" वडील म्हणाले, "दिला की. म्याच बंद केलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी लांबच्या विहिरीवरून सायकलवर पाणी आणलं, चार खेपा. तरी बहिणीचं लग्न होईपर्यंत आई त्यांच्याशी धड बोलली नाही, आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

आज मला कुठल्याही रांगेत पुढं घुसवत नाही, ते त्या दिवसापासून.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडं असते. बहीण आली की आई अजून सांगते, "लेकीच्या कार्याला दहा मिनटं पाणी दिलं नाय या माणसानं," आणि सांगता सांगता तिचे डोळे भरतात. खरं काय ते सांगून टाकायचं, असं मी दरवेळी ठरवते. पण तिचा राग गेला तर ती त्यांच्याविषयी बोलायचीच थांबेल, अशी मला भीती वाटते. मग मी गप्प बसून ऐकते.